दुसरा डोळा : व्ह्यूफाइंडर, पडदा आणि पाहण्याची जबाबदारी

१

डोळ्याला लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर बरा की कॅमेऱ्याच्या पाठीवरचा उजळ पडदा बरा, या प्रश्नाची चर्चा बहुधा तंत्राच्या पातळीवर सुरू होते आणि तिथेच संपते. दोन्ही बाजूंची उत्तरे तयार असतात. भर उन्हात पडद्यावरचे चित्र फिके पडते, व्ह्यूफाइंडरचे पडत नाही. हात लांब करून धरलेला कॅमेरा हलतो. दोन हात आणि कपाळ असा तिहेरी आधार मिळालेला कॅमेरा स्थिर राहतो. उलट, जमिनीलगतचे रोपटे टिपायचे असेल किंवा गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडचे काही टिपायचे असेल, तर डोळा व्ह्यूफाइंडरपाशी नेणे शक्यच नसते. चष्मा लावणाऱ्याला व्ह्यूफाइंडरच्या चारही कडा एकाच वेळी दिसत नाहीत. पडद्यावर प्रकाशाचा अंदाज आधीच कळतो. पण पडदा बॅटरी खातो. ही यादी कितीही लांबवता येईल, आणि तिच्यातले बहुतेक सगळे खरेही आहे.

तथापि 'उपयुक्त' हा शब्द स्वतःच्या पायावर उभा राहणारा नाही. कशासाठी उपयुक्त, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. छायाचित्रकाराचे साध्य म्हणजे स्पष्ट, योग्य उजेडाचे आणि नीट बांधलेल्या चौकटीचे चित्र, एवढेच गृहीत धरले तर वरील यादी पुरेशी आहे. परंतु छायाचित्रण ही कोणाकडे तरी पाहण्याची कृती आहे. जिच्याकडे पाहिले जाते ती व्यक्ती पुष्कळदा जिवंत असते, तिला स्वतःचे डोळे असतात, आणि आपल्याकडे पाहिले जात आहे हे तिला कळत असते. हे साध्य म्हणून नव्हे, तरी अट म्हणून मान्य केले, की साधनाच्या उपयुक्ततेचा प्रश्न नैतिक प्रश्न बनतो. जे साधन उत्तम चित्र मिळवून देते तेच पाहणाऱ्याला अधिक जबाबदार बनवते का, की या दोन गोष्टी परस्परांच्या आड येतात? प्रस्तुत विवेचनाचा विषय एवढाच आहे.

विचाराला जमीन असावी म्हणून एक स्थळ कल्पून पाहता येईल. ठाण्याच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या खाडीकाठी बाळकुम हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव आहे. जुना आग्रा रोड बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे आणि पुढे भिवंडीला जातो. १९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महापालिकेच्या हद्दीत आज हे गाव आहे. गावाच्या पाठीशी उंच इमारतींची रांग उभी राहिली आहे, आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या मार्गावर नाक्याच्या नावाचे स्थानकही आखलेले आहे. समजा, एखादा छायाचित्रकार सकाळच्या उन्हात या खाडीकाठी उभा आहे. पुढे चिखलात टेकलेली होडी, होडीपाशी जाळे नीट करत बसलेला एक म्हातारा माणूस, मागे तिवरांची हिरवी पट्टी आणि तिच्याही मागे तीस-तीस मजल्यांच्या इमारती. चित्र जणू आधीच तयार आहे. 'हरवत चाललेले गाव' हे त्याचे शीर्षकही तयार आहे. प्रश्न असा, की हा छायाचित्रकार व्ह्यूफाइंडरमधून पाहतो किंवा पडद्यावर पाहतो, याने त्या म्हाताऱ्या माणसाशी त्याचा जो संबंध जडतो त्यात काही फरक पडतो का?

२

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक समज दूर करणे आवश्यक आहे. व्ह्यूफाइंडर म्हणजे मूळचे, नैसर्गिक पाहणे आणि पडदा म्हणजे नंतर आलेली विकृती, अशी मांडणी भावनेला पटणारी असली तरी इतिहासाला धरून नाही. १८८८ साली बाजारात आलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर नव्हताच. पेटीच्या वरच्या बाजूला इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या रेषा होत्या. त्यांच्या रोखाने अंदाज घ्यायचा आणि कळ दाबायची. त्याच्याही आधीपासून चालत आलेल्या मोठ्या कॅमेऱ्यात छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर पडलेली प्रतिमा पाहत असे. ही काच एका अर्थी पडदाच होती. तिच्यावरची प्रतिमा उलटी असे, डावे-उजवेही बदललेले असे, आणि पट्टी जागेवर सरकवली की ती नाहीशी होई. म्हणजे ज्या क्षणी भिंगाची झडप उघडे त्या क्षणी छायाचित्रकाराला काचेवर काहीच दिसत नसे. तो कापडाबाहेर येऊन उघड्या डोळ्यांनी समोरच्या माणसाकडे पाहत असे.

१९२९ मध्ये आलेल्या रोलायफ्लेक्सने आणखी वेगळा संबंध घडवला. दोन भिंगांचा हा कॅमेरा पोटापाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. प्रतिमा सुलट पण डावी-उजवी बदललेली. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांनी हा कॅमेरा दीर्घकाळ वापरला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत सत्तांतराचा काळ टिपणाऱ्या या वृत्तछायाचित्रकार स्त्रीची जी छायाचित्रे इतरांनी घेतली आहेत, त्यांत हे साधन हातात असतानाचा शरीराचा भाव लक्षात येतो. मान लवलेली, चेहरा उघडा. बंदुकीसारखा रोखलेला कॅमेरा आणि नमस्काराला लवावे तशी लवलेली मान यांत समोरच्या माणसाच्या दृष्टीने अंतर आहे, हे मान्य करायला मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही.

तिसरी परंपरा लायकाच्या पद्धतीच्या कॅमेऱ्याची. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये व्ह्यूफाइंडर भिंगाच्या शेजारी स्वतंत्र होता. त्यातून दिसणाऱ्या दृश्यात चित्राची हद्द उजळ रेषांनी दाखवलेली असे, आणि त्या रेषांबाहेरचेही थोडेफार दिसत राही. दृश्याचा आकार उघड्या डोळ्याला दिसतो त्याच्या जवळपास, सुमारे ०.९१ पट, असल्यामुळे दुसरा डोळा मिटण्याची गरज पडत नसे. उणीव अशी, की व्ह्यूफाइंडर आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या असल्याने जवळच्या वस्तूंच्या बाबतीत दिसलेले आणि टिपलेले यांत फरक पडे. ही उणीव दूर केली ती आरशाच्या कॅमेऱ्याने. १९५९ च्या निकॉन एफपासून वृत्तछायाचित्रणात रूढ झालेल्या या रचनेत भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून आणि पंचकोनी लोलकातून थेट डोळ्यात शिरतो. जे भिंगाला दिसते तेच छायाचित्रकाराला दिसते. मात्र कळ दाबताच आरसा वर उचलला जातो आणि क्षणाच्या लहानशा भागापुरता डोळ्यापुढे काळोख होतो. चित्रात जो क्षण उतरतो नेमका तोच क्षण छायाचित्रकाराने पाहिलेला नसतो. तत्त्वचिंतकाला थांबायला लावील अशी ही गोष्ट आहे. पाहण्याच्या अचूकतेसाठी घडवलेल्या या यंत्राच्या केंद्रस्थानी एक न-पाहणे आहे.

या सगळ्या रचनांमध्ये पाहणे आणि टिपणे यांच्यात कुठे ना कुठे भेग आहे. कधी ती जागेची आहे, कधी काळाची, कधी डाव्या-उजव्याची. छायाचित्रकाराला ती भेग स्वतःच्या अनुभवाने, अंदाजाने आणि काही प्रमाणात विश्वासाने भरून काढावी लागे. याचे टोकाचे उदाहरण दादासाहेब फाळके यांच्याकडे सापडते. १९१२ साली लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याने त्यांनी 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. वाटाण्याच्या दाण्यातून रोप उगवून वाढते, ते ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन टिपलेले. जे टिपायचे होते ती 'वाढ' कॅमेऱ्यामागच्या कोणत्याही एका नजरेला दिसू शकत नव्हती. ती केवळ श्रद्धेने आणि शिस्तीने धरून ठेवायची होती. पट पडद्यावर चालला तेव्हाच ती प्रथम दृश्य झाली. येथे पाहणे हे टिपण्याच्या आधी नाही, नंतर आहे, आणि मधल्या काळात जे आहे ते निव्वळ निष्ठा आहे.

३

रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅमेरा ल्युसिडा' या आपल्या अखेरच्या पुस्तकात छायाचित्र घेणारा, पाहणारा आणि ज्याचे घेतले जाते तो असे तीन पक्ष केले आहेत. त्यांपैकी पहिल्याचा अनुभव आपल्याला नाही, असे प्रांजळपणे सांगून त्यांनी फक्त एक तर्क केला: घेणाऱ्याची भावना त्या छोट्या छिद्राशी निगडित असावी, ज्यातून तो पाहतो, मर्यादा घालतो, चौकट आखतो. बार्थ यांनी हे लिहिले तेव्हा छिद्र होते. १९९५ मध्ये कॅसिओने पाठीवर १.८ इंचांचा पडदा असलेला छोटा डिजिटल कॅमेरा सर्वसामान्यांसाठी आणला आणि पुढे पंधरा-वीस वर्षांत, विशेषतः मोबाइल फोनमध्ये, छिद्र नाहीसेच झाले. मग घेणाऱ्याच्या भावनेचे काय झाले?

एक उत्तर असे देता येईल, की घेणारा आणि पाहणारा हे बार्थ यांनी वेगळे केलेले दोन पक्ष पडद्याने एक केले. व्ह्यूफाइंडरमध्ये जग दिसते, चौकटीत बांधलेले, पण जगच. पडद्यावर चित्र दिसते. ते सपाट असते, चौकटीला कड असते, ते हातभर दूर असते आणि त्याकडे दोन डोळ्यांनी, जसे भिंतीवरच्या चित्राकडे पाहावे तसे पाहता येते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे पडद्यावर सहज प्रतीत होतात. आकार, रंग आणि रिकाम्या जागा यांचे परस्परसंबंध उठून दिसतात, कारण वस्तूंचे वस्तूपण तेवढ्यापुरते मागे सरलेले असते. दुधी काचेवरच्या उलट्या प्रतिमेनेही हेच साधत असे. उलटा माणूस हा आधी आकार असतो. या अर्थाने पडदा ही सौंदर्यदृष्टीची मोठी सोय आहे. जे अंतर रसिकाला प्रयत्नाने राखावे लागते, ते येथे यंत्रच घालून देते.

परंतु हीच सोय नैतिकदृष्ट्या शंकास्पद ठरू शकते. बाळकुमच्या खाडीकाठी बसलेला म्हातारा माणूस पडद्यावर एक गडद त्रिकोण आहे; मागच्या इमारतींच्या उभ्या रेषांना तो विरोध पुरवतो. चित्र 'जमते'. ते जमल्याचे पडद्यावर ताबडतोब दिसते, आणि जमल्याची खात्री झाली की पाहणे थांबते. येथे पडद्याचा दोष तो खोटे दाखवतो हा नाही. तो फार लवकर होकार देतो, हा आहे. चित्र घेतले, मान खाली गेली, पडद्यावर तपासले, पुन्हा घेतले, पुन्हा मान खाली गेली. या मधल्या क्षणांत म्हाताऱ्याने जाळे बाजूला ठेवून कोणाला तरी हाक मारली असेल, हसला असेल किंवा कॅमेऱ्याकडे पाहून कपाळाला आठी घातली असेल. ते सारे छायाचित्रकार पडद्यावर मागचा क्षण पाहत असताना घडून गेले. पाहण्याची जागा तपासण्याने घेतली.

यावर असा आक्षेप संभवतो, की लेखकही आपली ओळ लिहिता लिहिता वाचतोच. तो आपला पहिला वाचक असतो आणि या वाचण्यातूनच पुढची ओळ घडते. मग छायाचित्रकाराने आपले चित्र जागेवरच वाचले तर बिघडले कोठे? आक्षेप रास्त आहे. पण दोन कृतींतला फरक ध्यानात घेतला पाहिजे. लेखक ओळ वाचत असताना त्याचे जग त्याच्यासाठी थांबून राहते. छायाचित्रकाराचे जग थांबत नाही. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. लेखकाच्या खाडाखोडीचा माग कागदावर राहू शकतो. फिल्मच्या काळात छायाचित्रकारालाही असा माग होता. काँटॅक्ट शीटवर छत्तीस चौकटी ओळीने उभ्या असत. चुकलेले, अर्धवट, घाईने घेतलेले सारे काही. नजर कशी सरकत गेली, कोठे घुटमळली, कशापासून दूर वळली, हे त्यावरून वाचता येई. पडद्यावर पाहून तिथल्या तिथे पुसून टाकणारा छायाचित्रकार आपल्या पाहण्याचे पाठभेद नष्ट करतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले ते मागे उरलेल्या प्रतींच्या आधारावर. भेद उरले होते म्हणून शुद्धी संभवली. जेथे अशुद्धच उरत नाही तेथे शुद्ध कशावरून म्हणायचे, याला उत्तर राहत नाही. छायाचित्र पुरावा म्हणून पुढे केले जाते तेव्हा हा प्रश्न विद्वत्तेपुरता उरत नाही.

तरीही दोन साधनांमधली ही सीमारेषा आता तितकी स्पष्ट राहिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. २००८ नंतर आरशाशिवायचे कॅमेरे रूढ होऊ लागले. त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश नसतो, एक चिमुकला पडदाच असतो. डोळा छिद्राला लावलेला आहे, पण दिसते ते यंत्राने आधीच वाचून, उजेड-रंग ठरवून दाखवलेले चित्र. मोबाइल फोनच्या पडद्यावर तर पुष्कळदा अंतिम चित्रही दिसत नाही. अनेक चौकटी एकत्र करून यंत्र ते नंतर घडवते. उलट बाजूने, २०१६ मध्ये लायकाने पाठीवर पडदाच नसलेला डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. त्यागाचीही किंमत आकारली जाऊ शकते, एवढे त्यावरून कळते. विकत घेतलेला संयम हा संयमच असेल, असे मात्र कळत नाही. तात्पर्य, नैतिकतेचा शोध यंत्राच्या रचनेतच संपवता येणार नाही.

४

आता व्ह्यूफाइंडरच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या ग्वाहीची दुसरी बाजू पाहू जाता, तीही निर्दोष नाही असे आढळते. डोळ्याला लावलेला कॅमेरा चेहरा झाकतो. समोरच्या माणसाला दिसतो तो एक काळा ठोकळा आणि एक भिंग. पाहणारा पूर्ण पाहतो. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला पाहणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत. पाहण्याचा हा एकतर्फी अधिकार सत्तेच्या इतिहासाशी बांधलेला आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसे एका ठिकाणी टिपून त्यांच्यामागे दुसऱ्याच ठिकाणचे दृश्य जोडण्याची पद्धत वापरलेली आहे. माणूस एकीकडचा, स्थळ दुसरीकडचे, मथळा तिसऱ्याचाच. दुधी काचेवर ज्यांच्या प्रतिमा पडल्या त्यांच्या हाती तो खंड कधी पडावा, अशी त्या व्यवहाराची कल्पनाच नव्हती. त्या काचेत डोकावण्याचा अधिकार एकट्याचा होता.

पाठीवरच्या पडद्याने हा एकाधिकार मोडला, ही त्याची उपयुक्तता तंत्राच्या यादीत सहसा येत नाही. चित्र घेतल्यावर कॅमेरा फिरवून समोरच्या माणसाला दाखवता येतो. 'बघू' असे म्हणण्याचा हक्क त्याला मिळाला. 'हे नको, पुसा' म्हणण्याचाही. पडदा दोघांना एकाच वेळी पाहता येतो. छिद्र एकाच डोळ्याचे असते. कोविडच्या साथीत, जून २०२० मध्ये, बाळकुम येथे ठाणे महापालिकेने सुमारे हजार खाटांचे रुग्णालय उभे केले होते. त्या काळात सर्वत्रच रुग्ण आत आणि नातलग बाहेर अशी स्थिती होती, आणि अनेक कुटुंबांना आपल्या माणसाचा चेहरा दिसला तो फोनच्या पडद्यावर. पडदा जगापासून तोडतो, असे सरसकट म्हणणाऱ्याने हा अनुभव विसरू नये. तेथे पडदा हीच काय ती उरलेली खिडकी होती.

मात्र दाखवणे म्हणजे संमती घेणे नव्हे, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. खाडीकाठच्या म्हाताऱ्याने पडद्यावर स्वतःचा चेहरा पाहिला आणि मान डोलावली, तर त्याने आपल्या चेहऱ्याला होकार दिला. 'हरवत चाललेले गाव' या शीर्षकाला दिला नाही. पडद्यावर शीर्षक दिसत नाही. ते चित्र कोठे छापले जाईल, कोणत्या युक्तिवादाच्या सेवेला लागेल, त्यातून त्याच्या घराची आणि खाडीची कोणती हकिगत सांगितली जाईल, हे त्या तीन इंचांत मावत नाही. त्याच्या दृष्टीने मागच्या इमारती हा ऱ्हास असेलच असे नाही. त्याचा मुलगा किंवा नात तिथेच कामाला असेल, किंवा त्या जमिनीच्या व्यवहाराची त्याची स्वतःची अशी, चित्रात न मावणारी, कडू-गोड कथा असेल. पडद्याने चित्राची देवघेव सोपी केली, अर्थाची नाही. सुधारक ओलवे यांच्या मुंबईच्या सफाई कामगारांच्या छायाचित्रांचे नैतिक वजन कळते ते या ठिकाणी. नाल्यात उतरलेला माणूस तेथे 'घाण' या कल्पनेचे चिन्ह म्हणून येत नाही. तो विशिष्ट काम करणारा, विशिष्ट घरात परतणारा माणूस आहे. त्याचा हा विशेषपणा केवळ एका चौकटीच्या बांधणीतून येत नाही; तो त्याच विषयाकडे पुनःपुन्हा परत जाण्यातून येतो. कोणताही व्ह्यूफाइंडर किंवा पडदा त्या परत जाण्याला पर्याय होऊ शकत नाही.

५

येथवरच्या विवेचनातून दोन्ही साधनांचे गुणदोष समोरासमोर येतात. व्ह्यूफाइंडर एकाग्रता देतो आणि चेहरा झाकतो. पडदा चेहरा उघडा ठेवतो, चित्र वाटून घेऊ देतो, आणि पाहणे अकाली संपवतो. या दोहोंच्या पलीकडचा एखादा निकष आहे का?

तो निकष मराठी साहित्यविचारातल्या एका जुन्या कल्पनेच्या साहाय्याने मांडता येईल. न. चिं. केळकरांनी वाङ्मयीन आनंदाचे वर्णन सविकल्प समाधी असे केले. वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो आणि त्याच वेळी स्वतःच्या जागी राहतो. तादात्म्य आणि ताटस्थ्य एकत्र नांदतात. या कल्पनेवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तिची साहित्यशास्त्रीय व्याप्ती मर्यादित ठरली, तरी पाहण्याच्या नीतीसाठी ती आजही उपयोगी आहे. लायकाच्या व्ह्यूफाइंडरला एक डोळा लावून दुसरा उघडा ठेवणारा छायाचित्रकार ही कल्पना अक्षरशः शरीराने जगत असतो: एक डोळा चौकटीत, दुसरा चौकटीबाहेर. योगायोग असा, की बार्थ यांच्या पुस्तकाचे शीर्षक ज्या उपकरणावरून घेतले आहे ते, वोलस्टन यांनी १८०६ मध्ये पेटंट घेतलेले, चित्रकाराचे लोलकयंत्र याच जातीचे होते. त्यात चित्रकाराला समोरचा विषय आणि हाताखालचा कागद एकाच वेळी दिसत असे. बार्थ यांनीही त्याचे वर्णन करताना एक डोळा माणसावर आणि दुसरा कागदावर, याच बाजूवर भर दिला आहे.

तेव्हा निकष असा: जे साधन, ज्या रीतीने वापरले असता, दुसरा डोळा उघडा ठेवू देते ते नैतिकदृष्ट्या अधिक उपयुक्त. 'दुसरा डोळा' म्हणजे चौकटीबाहेर काय राहिले याचे भान, आणि समोरचा माणूस चौकटीत येण्याआधीही होता व नंतरही असणार आहे याचे भान. हे भान पडद्यावरही राखता येते. पडद्याच्या वरून थेट माणसाकडे पाहता येते, त्याच्याशी बोलता येते. व्ह्यूफाइंडरमध्येही ते गमावता येते, दुसरा डोळा घट्ट मिटून. साधने काही सवयी सोप्या करतात आणि काही अवघड. सक्ती करत नाहीत. पडदा दुसरा डोळा उघडा ठेवणे सोपे करतो, पण दोन्ही डोळे आपल्याकडेच ओढून घेणेही तितकेच सोपे करतो. छिद्र एका डोळ्याला बांधते. दुसऱ्याचा निर्णय छायाचित्रकारावर सोडते.

चांगदेव पासष्टीत ज्ञानेश्वरांनी आरशाचा दृष्टान्त योजला आहे. आरसा समोर नसला म्हणून मुखाचे असणे उणे होत नाही. आरशाने मुखात भर पडत नाही. ज्ञानेश्वरांचे प्रयोजन वेगळे होते. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन या त्रिपुटीचे ऐक्य त्यांना दाखवायचे होते, आणि अद्वैताची ती भूमिका नैतिक विवेचनात जशीच्या तशी आणता येणार नाही. कारण नीतीला 'दुसरा' लागतो, आणि त्याचे दुसरेपण टिकवणे हेच तिचे काम असते. तथापि दृष्टान्ताचा पहिला अर्धा भाग येथे पुरेसा आहे. प्रतिमा उमटली म्हणजे वस्तू सिद्ध झाली, हा भ्रम पडद्याच्या तत्परतेतून बळावतो. बाळकुमच्या होडीपाशी बसलेला माणूस हा चित्र जमण्याआधी सिद्ध आहे. त्याचे जाळे, त्याची खाडी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि त्याच्या पाठीमागच्या इमारतींविषयीचे त्याचे मत, हे सारे कोणत्याही चौकटीच्या होकाराची वाट पाहत थांबलेले नाही.

मग त्या छायाचित्रकाराने काय करावे? चित्र घेऊ नये, असे उत्तर या विवेचनातून निघत नाही. न घेणे हाही एक सोपा मार्ग असतो, आणि त्याने कोणाचेच जीवन अधिक दृश्य होत नाही. इमारती चौकटीतून वगळून निर्भेळ 'कोळीवाडा' टिपणे हे जॉन्सनच्या जोडकामाचेच आधुनिक रूप ठरेल. इमारती ठेवून करुण विरोध साधणे हे तयार शीर्षकाला शरण जाणे ठरेल. दोहोंपैकी काहीही निवडले तरी निवड चौकटीच्या कडेवर होते, आणि कड व्ह्यूफाइंडरलाही असते, पडद्यालाही असते. फरक पडतो तो कडेपलीकडे पाहून मग कड ठरवली की कड पाहूनच समाधान मानले, यामुळे. चित्र जमल्यावर कॅमेरा खाली करून, जाळ्यातला कोणता धागा तुटला आहे हे त्या माणसाला विचारणे आणि उत्तर ऐकून मग कदाचित दुसरेच चित्र घेणे, हे कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. यंत्राची उपयुक्तता जिथे संपते तेथून सुरू होणारी ही गोष्ट आहे. ती घडण्यासाठी यंत्राने फार काही करायचे नसते. फक्त मध्ये यायचे नसते.